आधी चित्र, मग नाव

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भरलेल्या हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. शाळेच्या एका खोलीत, जोडून ठेवलेल्या टेबलांवर मांडलेल्या चित्रांपुढून आम्ही तिघे परीक्षक हातात गुणपत्रक घेऊन सावकाश चाललो होतो. स्पर्धकांची नावे चित्रांच्या पाठीवर होती, ती बाजू संयोजकांनी प्रामाणिकपणे खाली वळवून ठेवली होती, आणि एवढ्याने निःपक्षपाताची व्यवस्था पुरी झाली असे आम्हां सर्वांनाच वाटत होते. कंकालेश्वराच्या कुंडात पडलेल्या मंदिराच्या प्रतिबिंबाचे एक चित्र समोर येताच माझे एक सहपरीक्षक सहज म्हणाले, “हे तर आपल्या सरांच्या पोराचंय.” त्या उद्गारात शिफारस नव्हती, दडपण नव्हते, ओळख पटल्याचा निर्मळ आनंद तेवढा होता. पण गुणांची बेरीज करताना माझ्या ध्यानात आले की त्या चित्रापुढे मी आधी लिहिलेल्या सहाच्या आकड्यावर गिरवून आठ केला होता, आणि तसे का केले याचे चित्रात सापडणारे कोणतेही कारण मला देता येईना. ते दोन गुण मी सरांना दिले होते.

लाच किंवा वशिला यांविषयी आपण पुष्कळ बोलतो, आणि ते बोलले पाहिजेच; परंतु लहान गावातील स्पर्धांमध्ये न्यायाला जी बाधा पोचते ती बहुधा अशा स्नेहातून पोचते, की ज्याची नोंद खुद्द स्नेह बाळगणाऱ्यालाही होत नाही. परीक्षक मिळायचे ते तीनच ठिकाणांहून: शाळेतील कलाशिक्षक, बाजारपेठेतील स्टुडिओचे मालक आणि वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. स्पर्धक म्हणावेत तर ते यांचेच विद्यार्थी, यांचीच गिऱ्हाइके आणि यांच्याच भावकीतील मुले. अशा ठिकाणी ‘परीक्षकांनी निःपक्षपाती राहावे’ असा उपदेश नियमपत्रिकेत छापून काही साधत नाही. पक्षपाताला संधीच मिळू नये अशी कामाची रीत बसवणे हाच त्यावरचा खरा उपाय.

आणि छायाचित्रणाच्या बाबतीत अशी रीत बसवणे शक्य आहे, हे या कलेचे भाग्यच म्हटले पाहिजे. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेत हौशी नटाला रंगमंचावर स्वतःच्या देहानिशी उभे राहावे लागते, गायकाचा कंठ श्रोत्याच्या ओळखीचा असतो. छायाचित्रकार मात्र आपल्या चित्रात कधीच नसतो. तो कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलेला असतो, आणि त्याचे नाव कोणी सांगितल्याशिवाय चित्र ते सांगत नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या नावाऐवजी बैठक क्रमांक असावा, हे तत्त्व आपण वर्षानुवर्षे निर्विवाद मानीत आलो आहोत. छायाचित्राला ते लावण्यात अडचण कसली?

छायाचित्रणाच्या संस्थांनी ही रीत पूर्वीच ओळखली होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभकाळातील एक नामांकित सभासद होते. आपला मुलूख त्या काळी निजामाच्या अमलाखाली. तिकडे हैदराबादेत सहाव्या निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होता, पण हौशी मंडळींच्या हाती ही कला येण्यास मराठवाड्यात फार काळ जावा लागला. पुढे १९५० साली छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि १९५३ साली डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने भारतीय छायाचित्रण महासंघ स्थापन झाला, आणि त्यांच्या मान्यतेने देशोदेशी जी प्रदर्शने भरू लागली, त्यांत छापील चित्रे एकामागून एक परीक्षकांपुढे धरली जात, नाव पाठीमागे राही आणि प्रत्येक परीक्षक आपले गुण स्वतंत्रपणे देई.

ती साधी रीत आज पुरत नाही, कारण नाव आता चित्राच्या पाठीवरच नसते. मोबाइलवरून आलेल्या चित्राच्या एका कोपऱ्यात सुबक अक्षरांत स्पर्धकाचे नाव उमटवलेले असते. तेथे नसले तर फाइलला दिलेल्या नावात असते. तेथेही नसले तर फाइलच्या पोटात दडलेल्या माहितीत कॅमेऱ्याचा नमुना, चित्र घेतल्याची तारीख-वेळ, कित्येकदा स्थळाचे अक्षांश-रेखांश आणि मालकाने कॅमेऱ्यात स्वतःचे नाव भरून ठेवले असेल तर तेही सापडते. आणि हे सर्व पुसून टाकले तरी तेच चित्र गेल्या महिन्यात गावातल्या निम्म्या लोकांनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर पाहिलेले असते, त्यास काय करावे?

माझ्या मते यासाठी एक कारकून हवा. हा शब्द मी आदराने वापरतो. परीक्षणाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा एका विश्वासू व्यक्तीने आलेली चित्रे स्वीकारावीत, कोपऱ्यातील नावे कापून घ्यावीत किंवा चित्र परत पाठवून बिननावाची प्रत मागवावी, फाइलमधील माहिती काढलेली प्रत परीक्षकांसाठी वेगळी करावी आणि मूळ फाइल जशीच्या तशी दप्तरी ठेवावी. प्रत्येक चित्रास क्रमांक द्यावा, पण तो आवक क्रमांक नसावा. कारण शेवटच्या रात्री कोणी चित्र पाठवले हे गावात सर्वांना ठाऊक असते. चिठ्ठ्या टाकून क्रमांक ठरवावेत, नाव आणि क्रमांक यांची नोंदवही मोहोरबंद लखोट्यात ठेवावी, आणि सर्व परीक्षकांची गुणपत्रके सहीनिशी हाती पडल्याखेरीज तो लखोटा कोणी, अगदी अध्यक्षांनीही, उघडू नये. परीक्षकाने एखादे चित्र ओळखले तर त्याने तसे मोठ्याने न सांगता आपल्या गुणपत्रकावर लिहावे आणि त्या चित्राला गुण देऊ नयेत. उरलेल्या दोघांची सरासरी धरावी. माझ्या त्या सहपरीक्षकांनी एवढेच केले असते, तर माझ्या सहाचा आठ झाला नसता.

परीक्षकांच्या निवडीविषयी आपल्याच इतिहासात एक उत्तम वहिवाट आहे, तिचा विसर पडू नये. मराठेशाहीत वतनाचा तंटा प्रथम गावच्या गोतापुढे, म्हणजे गोतसभेपुढे, चाले, आणि गोतातील माणसे वादी-प्रतिवाद्यांना ओळखतात हेच त्या न्यायाचे बळ समजले जाई. परंतु स्थानिक गोत एका पक्षाकडे झुकले आहे अशी शंका आल्यास दुसऱ्या पक्षाला परस्थळ मागता येई, म्हणजे निवाडा दूरच्या, त्रयस्थ ठिकाणी व्हावा असा अर्ज करता येई. त्यात कोणी गोताचा अपमान मानीत नसे. आज बीडच्या स्पर्धेची चित्रे लातूरच्या परीक्षकांकडे आणि लातूरची बीडकडे पाठवायला टपालखर्चही लागत नाही. तरीसुद्धा ‘बाहेरचे कशाला, आपले सर आहेत की’ असे म्हणून ही सोय नाकारली जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

नाव झाकले तरी आणखी काही गोष्टी गुणांवर परिणाम करतात, आणि त्यांतील चित्रे दाखवण्याचा क्रम ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. ब्रुसेल्स येथील क्वीन एलिझाबेथ संगीतस्पर्धेत अंतिम फेरीतील वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, म्हणजे त्या क्रमाचा वादनाच्या गुणवत्तेशी काही संबंध नाही. असे असूनही अनेक वर्षांचे निकाल तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला खालचे स्थान येण्याचा संभव अधिक. संगीतातील जाणकारांची ही अवस्था, तर तीनशे चित्रे एका बैठकीत पाहणाऱ्या आपल्या परीक्षकांची काय कथा! पहिल्या मयूरचित्राला नायगाव अभयारण्याची अपूर्वाई लाभते आणि चौदाव्याला कंटाळ्याचा फटका बसतो. म्हणून प्रत्येक परीक्षकाला चित्रे वेगळ्या क्रमाने दाखवावीत, गुण देण्यापूर्वी सर्व चित्रे एकदा नुसती पाहून घ्यावीत आणि चर्चा व्हायची ती गुण लिहून झाल्यावर व्हावी; नाहीतर तिघांत जो वडीलधारा असेल त्याचा आकडा तिघांचाही होतो.

आता एक कठीण प्रश्न. स्पर्धक कोण हे न जाणता चित्राचा खरेपणा कसा जोखावा? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या विख्यात वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत परीक्षकांना स्पर्धकांची नावे कळत नाहीत. तरीही २००९ सालचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारे, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे चित्र पुढच्याच जानेवारीत रद्द करावे लागले, कारण तो लांडगा बहुधा माणसाळलेला, शिकवून तयार केलेला आहे असा निर्णय परीक्षकांनी दिला. २०१७ साली गौरवलेल्या मुंगीखाऊ प्राण्याच्या चित्राचे तर असे झाले की तो प्राणी ब्राझीलमधील एका राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेला पेंढा भरलेला नमुनाच दिसतो, असे तज्ज्ञांच्या तपासणीत ठरले आणि एप्रिल २०१८ मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. २०२३ साली सोनी जागतिक छायाचित्र पारितोषिकांत एका जर्मन कलावंताने आपले विजयी चित्र यंत्रबुद्धीने घडवलेले असल्याचे स्वतः सांगून पारितोषिक नाकारले. या उदाहरणांवरून नाव झाकणे व्यर्थ आहे असे अनुमान काही जण काढतात, ते मला चुकीचे वाटते. सौंदर्याचा निवाडा आणि सत्याचा तपास ही दोन भिन्न कामे आहेत, ती भिन्न वेळी आणि शक्य तर भिन्न माणसांनी करावीत: आधी चित्र पाहून गुण, मग लखोटा, आणि मग कारकुनाच्या दप्तरातील मूळ फाइलची छाननी. सरकारी कचेरीत प्रारूप यादी लावून हरकती मागवण्याची जी रीत आहे तीही येथे लागू करावी. निकाल तात्पुरता म्हणून जाहीर करावा, चित्रे आठ दिवस लोकांसमोर लावावीत. कपिलधारच्या धबधब्याला त्या महिन्यात पाणी होते की नाही हे गावकऱ्यांइतके कोणत्याही परीक्षकाला सांगता येणार नाही.

साधनांच्या विषमतेविषयी थोडक्यात सांगतो. लाखभर रुपयांचे भिंग आणि बहिणीचा जुना मोबाइल यांना एका पंक्तीत बसवून वर निनावीपणाचे समाधान मानणे हा न्याय नव्हे. मोबाइलचा विभाग वेगळा ठेवावा. तसेच ‘हौशी’ कोणास म्हणावे हे नियमातच स्पष्ट लिहावे, कारण लग्नसराईत चार महिने छायाचित्रे काढून पोट भरणारा तरुण उरलेले आठ महिने हौशी असतो की नसतो, यावरून निकालानंतर भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

परंतु या सर्व विचारात एक माणूस अद्याप आलेलाच नाही, आणि बीड जिल्ह्यात तरी त्याला वगळून हा विषय संपवता येत नाही. दसरा-दिवाळी उलटली की या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत त्यांचा संसार मांडला जातो. ‘श्रम’ किंवा ‘ग्रामजीवन’ असा विषय दिला की या संसाराची चित्रे हटकून येतात, आणि पुष्कळदा तीच पहिली ठरतात. मोळी डोईवर घेतलेली बाई, झोळीत निजलेले मूल, थंडीच्या पहाटे पेटवलेली शेकोटी. स्पर्धकाचे नाव आपण मोहोरबंद करतो, त्याचा चेहरा, त्याचे गाव, त्याची जात परीक्षकाला कळू नये म्हणून एवढा खटाटोप करतो. आणि ज्या बाईचा चेहरा आपण भिंतीवर टांगतो तिला मात्र असला कोणताही आडोसा देत नाही. तिला विचारले होते काय, त्या मुलाच्या आईबापांना हे चित्र कुठे लागणार हे ठाऊक होते काय, असा प्रश्न प्रवेशअर्जात असलेला मी अजून पाहिलेला नाही. ज्याने तिला विचारले आणि ज्याने धावत्या मोटारीतून भिंग रोखले, त्या दोघांना आपली गुणपत्रके एकाच मापाने मोजतात.

म्हणून प्रवेशअर्जात एक रकाना वाढवावा, आणि तो कारकुनानेच तपासावा: चित्रातील व्यक्ती ओळखू येत असेल तर तिची संमती घेतली काय, मूल असेल तर पालकांची घेतली काय. रकाना कोरा असेल तर चित्र परीक्षकांपुढे जाऊच नये, मग ते कितीही सुंदर असो. आणि पारितोषिक मिळालेल्या चित्राची एक छापील प्रत त्या माणसापर्यंत पोचवण्याची जबाबदारी संयोजकांनी स्वतःकडे घ्यावी. १८३९ साली पॅरिसमध्ये या कलेची जाहीर घोषणा झाली त्या १९ ऑगस्टला आपल्याकडे अशा स्पर्धांचे निकाल पुष्कळदा लागतात; त्या दिवसांत गळीत हंगाम सुरू झालेला नसतो, टोळ्या गावीच असतात, आणि वडवणी, धारूर, केज, पाटोदा यांपैकी कोणत्याही तालुक्यातील वस्तीवर जाऊन चित्राची एक प्रत हातात देऊन यायला एका दुपारीपेक्षा जास्त वेळ लागत नाही.