साथीच्या काळात घरातील शांती

सार्वजनिक आरोग्यावर संकट आले की ‘घाबरू नका, घरातच राहा’ असे सर्वांना सांगण्यात येते. ही सूचना ऐकावयास सोपी, परंतु आचरणात आणावयास कठीण आहे. बंद घरात मन शांत ठेवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा विचार संकट दूर असतानाच केलेला बरा. या दृष्टीने सांगली जिल्ह्याचा, विशेषतः कडेगाव परिसराचा २०२० सालचा अनुभव आपणास पुष्कळ काही शिकवून जातो.

त्या वर्षी २३ मार्च रोजी जिल्ह्यातील तेव्हाच्या इस्लामपूर शहरात परदेशातून परतलेल्या एकाच कुटुंबातील चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. आठवडाभरात रुग्णांची संख्या पंचविशीच्या घरात पोहोचली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झालीच होती. रुग्णांचा परिसर बंद करण्यात आला, त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्यात आला, मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्ण बरे झाले. या यशात डॉक्टर, परिचारिका व आशा सेविका यांच्याबरोबरच आपापल्या घरात थांबलेल्या सामान्य माणसांचाही वाटा होता. घरी राहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. ती शेजाऱ्याची केलेली सेवाच असते.

परतणारी आपली माणसे

कडेगाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील अनेक कुटुंबे गलाई व्यवसायात आहेत. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या कामासाठी येथील माणसे भारतभरच्या शहरांत वसली आहेत. मुंबई-पुण्यास नोकरीला असणारेही थोडे नाहीत. मे २०२० मध्ये प्रवासाचे परवाने मिळू लागताच ही माणसे गावाकडे परतू लागली. मुलगा सुखरूप येतो आहे याचा आईला आनंद होता. त्याच वेळी तो आजार घेऊन येईल या धास्तीने गावाला ग्रासले होते. परतलेल्यांना १४ दिवस घरी किंवा गावच्या शाळेत वेगळे राहावे लागे. त्या दिवसांत महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या वेशीवर दगड व काटेरी फांद्या टाकून रस्ते अडविण्यात आले होते. आपलाच माणूस परका वाटू लागला होता.

कडेगावचा मोहरम उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे. त्यात हिंदू व मुस्लिम बांधव एकत्र सहभागी होतात. ज्या गावाने असा एकोपा पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यालाही साथीने एकमेकांपासून दूर राहावयास लावले. अंतर राखणे आवश्यकच होते. मात्र शरीराने अंतर राखणे वेगळे आणि मनाने दुरावणे वेगळे. हा भेद ज्या घरात ओळखला जातो तेथे शांती टिकते.

भीती काय करते?

भीती हे पाप नव्हे. धोका ओळखण्यासाठी परमेश्वराने दिलेली ती एक शक्ती आहे. परंतु ती दीर्घकाळ टिकली की छातीत धडधडते, श्वास जलद होतो, झोप उडते. श्वास जलद झाला की दम लागल्यासारखे वाटते आणि ‘मलाही आजार झाला’ अशी शंका बळावते. त्या शंकेने भीती आणखी वाढते. हे चक्र तोडावयाचे असेल तर प्रथम शांत बसावे, सावकाश श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. त्यानंतर ताप मोजावा. ऑक्सिमीटर असल्यास काही मिनिटे विश्रांती घेऊन ऑक्सिजनचे प्रमाण पाहावे. ते ९४ टक्क्यांहून कमी असेल किंवा धाप थांबत नसेल, तर त्वरित डॉक्टरांना कळवावे. लक्षणे लपविणे म्हणजे धैर्य नव्हे. वेळीच सांगणे हाच शहाणपणा होय.

घराची शिस्त

मन शांत राहण्यास दिवसाला आकार असावा लागतो. उठणे, जेवणे, झोपणे यांच्या वेळा पाळाव्यात. बातम्या दिवसातून एकदा किंवा दोनदा, त्याही अधिकृत ठिकाणाहून घ्याव्यात. खात्री नसलेला संदेश पुढे पाठवू नये. त्याने शेजारच्या घराची झोप जाते. मुलांपासून सत्य लपवू नये, त्यांना समजेल इतक्या शब्दांत ते सांगावे. घरातील वृद्धांची नेहमीची औषधे महिनाभर पुरतील इतकी ठेवावीत. मात्र भीतीपोटी धान्य व औषधे साठवून दुसऱ्याची गरज अडवू नये. घरातील एखाद्यास वेगळे ठेवावे लागले, तर त्याचे ताट दाराशी ठेवताना दोन शब्द प्रेमाने बोलावेत. मन फारच खचत असेल तर शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मनाच्या आजारावर मदत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

श्रद्धेचा आधार

२७ मार्च २०२० च्या सायंकाळी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात, पावसात उभे राहून जगासाठी प्रार्थना केली. त्यांनी चिंतनासाठी मार्ककृत शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग निवडला होता. प्रभू येशू नावेत निजलेला आहे आणि शिष्य भयभीत झाले आहेत. आपण सारे एकाच नावेत आहोत, याची पोपमहोदयांनी त्या वेळी जगाला आठवण करून दिली. शिष्यांनी घाबरून प्रभूला उठविले, यातही आपल्यासाठी बोध आहे. त्यांनी आपली भीती लपविली नाही, ती प्रभूजवळ नेली.

त्या वर्षीचा ईस्टर १२ एप्रिल रोजी आपण घरांतच साजरा केला. चर्चची दारे बंद असताना पवित्र मिस्सा पडद्यावर पाहावी लागली आणि ख्रिस्तप्रसादाची ओढ मनातच ठेवावी लागली. तरीही रोझरीसाठी एकत्र बसलेले प्रत्येक कुटुंब ही छोटीशी ख्रिस्तसभाच होती. ही सवय साथ सरल्यावरही मोडू नये. पुन्हा कधी दारे बंद झाली तर हीच शिदोरी उपयोगी पडेल.

बंधुभगिनींनो, पुढील संकट कोणत्या नावाने येईल हे आपल्या हाती नाही. ते आले तर परगावाहून परतलेल्या शेजाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहू, हे मात्र आपल्या हाती आहे. आपल्या घरातील शांती त्याच्या दारापर्यंत पोहोचावी, ही कृपा प्रभू आपणास देवो.