फुलपाखराला पानही हवे

आपल्या नेरमध्ये अंगण असलेल्या घरी कढीपत्त्याचे झाड बहुधा असतेच. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटलेले दिसते. नीट पाहिले तर ते हलते! ती अळी असते. पुढे ती हिरवीगार होते आणि बोट लावले की डोक्यामागून केशरी शिंगे काढून उग्र वास सोडते. पाने कुरतडलेली दिसली, की पऱ्हाटीवर मारून उरलेले औषध कुणीतरी झाडावर मारून मोकळे होते. मग त्याच घरात विचारतात, एवढी जास्वंद लावली, तरी फुलपाखरे का येत नाहीत?

अहो, येणारे फुलपाखरू तुम्ही आताच मारले. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेल्या लिंबाच्या फुलपाखराची ती अळी. त्याची मादी मध अनेक फुलांचा पिते, पण अंडी घालायला तिला लिंबू, संत्रा, बेल, कढीपत्ता अशी एकाच कुळातली झाडे लागतात. (२०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही याच कुळावर वाढते, पण ती मुख्यतः सह्याद्रीतली, तिची वाट पाहू नका.) संत्र्याच्या रोपवाटिकेत ही अळी कोवळी रोपे बोडकी करते, तिथे ती वेचावीच लागते. परसातले मोठे झाड मात्र पुन्हा फुटते. शिवाय २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात शेतकरी, शेतमजूर दगावले. तसले विष फोडणीच्या पानावर कशाला?

आता फुलझाडांकडे वळू. पावसाळ्याच्या तोंडाशी, चांगले ऊन मिळेल तिथे लावावीत. एक्झोरा सुंदर खरा, पण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात. तो कुंडीत, शेणखत आणि पोयटा घालून लावा. जास्वंद एकेरी पाकळ्यांचीच घ्यावी. गेंदेदार फुलात फुलपाखराची सोंड मधापर्यंत पोचणे कठीण. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते, पण तिची फळे पक्षी खातात आणि ती रानभर पसरते, म्हणून मी ती लावत नाही.

माझी पसंती हळदीकुंकवाला. त्याच्या फुलांत मध आहे आणि पानांवर केशरी रंगाचे, रुईवर वाढणारे फुलपाखरू अंडी घालते. त्याचा चीक विषारी असतो, डोळ्यांत जाऊ देऊ नये. पावसाळा सरल्यावर झुडपे हलकी छाटावीत. मात्र कात्री लावण्याआधी फांद्या खालून पाहून घ्या. एखादा कोष लटकलेला असेल, तर ती फांदी फुलपाखरू निघेपर्यंत राहू द्या.