पान कारखान्याचे, पण वाचणार सभासद



धंदा कोणताही असो, आपल्या माणसांशी नियमाने बोलावे लागते. नाहीतर कारखान्याची बातमी पारावर आधी पोचते, तीही तिखटमीठ लावून. म्हणून या पत्रिकेतील शेतीच्या पानाची नवी मांडणी आमच्या ऊस विकास विभागाने तयार केली आहे. ती मा. संचालक मंडळापुढे ठेवली असून आपल्याही कानावर घालत आहोत.

अशा कामाचा उत्तम धडा आपल्याच भागात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. नुसता नांगर ओतून भागणार नव्हते, लोकांशी बोलणेही भाग होते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. शंकरराव स्वतः चित्रकार. नावाप्रमाणे ते कारखान्याची खबर देणारे पत्र होते, पण वाचकांच्या जिव्हाळ्याचे विषय त्यात वाढत गेले. १९२९ साली नावातला ‘खबर’ गळाला आणि ‘किर्लोस्कर’ घरोघर गेले. वाचकाच्या उपयोगाचे असेल तेच टिकते, हा त्यातला बोध.

आता आपले पान. पहिली गोष्ट, ते हंगामाच्या पुढे एक पाऊल चालावे. हुमणीचेच घ्या. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हे सांगायची वेळ मे महिन्याची. ऑगस्टमध्ये मुळ्या खाल्ल्यावर, ऊस पिवळा पडल्यावर लेख छापून काय उपयोग? तसेच बेण्याचे. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात. तेव्हा नऊ ते अकरा महिन्यांचे निरोगी बेणे कोणत्या मळ्यात आहे, हे जूनच्या अंकात यावे.

दुसरी गोष्ट, ठरलेल्या बातमीला ठरलेली जागा. वरच्या चौकटीत महिन्याचे काम, मधे गटवार तोडीचा कार्यक्रम, खाली बिलांची माहिती. अक्षर ठळक असावे. म्हातारबाबांना चष्मा शोधावा लागू नये. भाषा बांधावरची असावी. सत्काराचे फोटो शेवटच्या पानावर बसतील, कोणी रागावू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. करारात वेगळे ठरले नसेल आणि उशीर झाला, तर साल दरशेकडा पंधराप्रमाणे व्याज लागू होते. ही तरतूद कायम छापावी, आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या उसाचे बिल बँकेत जमा झाले तेही लिहावे. उशीर असेल तर उशीर लिहावा, कारणासह लिहावा. काहींना हे अडचणीचे वाटेल. पण आपला सभासद गिऱ्हाईक नव्हे, मालक आहे. मालकापासून हिशेब झाकला की पुढच्या साली ऊस दुसऱ्या कारखान्याच्या काट्यावर जातो, हे आम्ही शिवारात फिरताना पाहतो.

चौथी गोष्ट, पान एकतर्फी नको. गट ऑफिसात प्रश्नपेटी ठेवावी. काटा, तोड, पाणी, खत, काय ते विचारा. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढच्या अंकात, बाकीची गट ऑफिसात मिळावीत. ज्याचे उत्तर शेतकी विभागाकडे नाही, ते हिशेब विभागाकडून आणून देण्याची जबाबदारी आमची.

तरी आपल्या सूचना वार्षिक सभेपूर्वी गट ऑफिसात द्याव्यात. पान कारखाना छापील. ते वाचनीय करणे आपल्या प्रश्नांवर आहे.

— ऊस विकास अधिकारी