देवमाशाने जहाज फोडलं. माणसं कशामुळे मेली?

रॉन हॉवर्ड यांचा 'इन द हार्ट ऑफ द सी' (2015) हा चित्रपट 'एसेक्स' या देवमाशांच्या शिकारी जहाजाच्या खऱ्या दुर्घटनेवर बेतला आहे. पण पडद्यावर दिसलं ते सगळंच घडलं होतं असं नाही.

गैरसमज : सूडाने पेटलेला देवमासा होड्यांचा पाठलाग करत राहिला.
वस्तुस्थिती : 20 नोव्हेंबर 1820 रोजी प्रशांत महासागरात एका अजस्र स्पर्म देवमाशाने 'एसेक्स'ला दोनदा धडक दिली आणि तो निघून गेला. खलाशांना तो पुन्हा दिसला नाही. पहिल्या धडकेनंतर तो जहाजाला खेटूनच होता. फर्स्ट मेट ओवेन चेसला भाला मारता आला असता. पण देवमाशाची शेपटी सुकाणूपाशी होती; तिच्या फटक्याने सुकाणूच तुटेल या धास्तीने त्याने हात आवरला.

गैरसमज : 'एसेक्स'वरून वाचलेल्या निकरसन या खलाशाकडून ऐकून लेखक मेलव्हिलने 'मोबी डिक' ही देवमाशावरची कादंबरी लिहिली.
वस्तुस्थिती : चेसने आपली हकिगत 1821मध्येच छापली होती आणि मेलव्हिलने ती वाचली होती. 'मोबी डिक' 1851ची. निकरसनने स्वतःची आठवण लिहिली 1876मध्ये.

गैरसमज : कप्तान पोलार्डच्या हेकटपणाने घात केला.
वस्तुस्थिती : उलट, पोलार्ड फार लवकर नमला. प्रवासाच्या सुरुवातीलाच वादळात जहाज आडवं झालं, तेव्हा त्याला नँटकेट या मूळ बंदराला परतायचं होतं. चेस आणि सेकंड मेट मॅथ्यू जॉय यांनी त्याला पुढे जायला लावलं. जहाज बुडाल्यावर 20 माणसं तीन होड्यांत उतरली, तेव्हाही तेच झालं. वारा पाठीशी होता आणि पश्चिमेला सोसायटी बेटं होती. तिकडेच जाऊ, असं पोलार्डचं म्हणणं होतं. त्या बेटांपैकी ताहितीत 1797पासून ब्रिटिश मिशनरी राहत होते. पण तिथे नरभक्षक असतील, या भीतीने दोघा मेटनी विरोध केला. मग ठरलं दक्षिण अमेरिकेला जायचं : आधी दक्षिणेला खूप खाली उतरायचं, मग पूर्वेला वळून हजारो मैल कापायचे. वाटेत अन्नपाणी संपत गेलं. अखेर त्यांनी आपल्याच सात सोबत्यांचं मांस खाल्लं. त्यांतल्या ओवेन कॉफिन या पोराला चिठ्ठ्या टाकून मारलं होतं.

गैरसमज : समुद्राने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं.
वस्तुस्थिती : एकूण आठ जण वाचले, पाच जण होड्यांत आणि तिघे वाटेत लागलेल्या हेंडरसन बेटावर मागे राहिलेले. जहाज बुडालं तेव्हा त्यावर सहा कृष्णवर्णीय खलाशी होते. त्यांतला एकही वाचला नाही. ज्या सात जणांचं मांस खाल्लं गेलं, त्यांतले चार कृष्णवर्णीय होते. 'एसेक्स'ची गोष्ट सांगताना हे गाळणं म्हणजे त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय करणं आहे.

देवमाशाला खलनायक ठरवलं की गोष्ट थरारक होते, पण खरा धडा हातचा जातो. जहाज देवमाशाने फोडलं हे खरंच. पण त्या वेळी वीसही जण जिवंत होते. पुढचे बहुतेक बळी घेतले ते कधी न पाहिलेल्या लोकांविषयीच्या ऐकीव भीतीने.