व्हॅनला चारही चाकांची ताकद

अमेरिकेत प्लंबर-सुतारांच्या थोराड व्हॅनना ट्रेलरही ओढावा लागतो. फोर्डची ई-३५० त्यांची जुनी आवडती. पण ती कारखान्यातून कधीच फोर-व्हील-ड्राइव्ह निघाली नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या क्विगलीसारख्या कंपन्या तिला पुढची चाकं फिरवणारा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस बसवून देतात. खर्च दणदणीत. शिवाय व्हॅन उंचावते, ट्रेलर जोडायचा हिचही वर जातो. खाली उतरता बॉलमाउंट लावला नाही, तर ट्रेलरचं नाक वर राहतं.

ट्रेलरच्या वजनातला १० ते १५ टक्के भार व्हॅनवरच येतो, हे गिऱ्हाईक हटकून विसरतं. हत्यारं, कपाटं, माणसं धरून तो चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या मर्यादेत बसायला हवा. स्प्रिंगा जाड केल्या म्हणून तो आकडा वाढत नाही. नुसत्या बर्फाळ रस्त्यासाठी फोर्डचीच २०२० पासूनची ऑल-व्हील-ड्राइव्ह ट्रान्झिट व्हॅन बरी, कापाकापी वाचते.