फुंकेचा हिशेब

दापोडी ते चाकण हा पुण्याजवळचा सगळा पट्टा हवेच्या दाबावर चालतो, असं म्हटलं तर इथल्या कुठल्याही फिटरला ते पटेल. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. बसच्या एअर ब्रेकला साधारण सात-आठ बार दाब लागतो, मोटारीच्या टायरला सव्वादोन बार पुरतात. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींत फ्यूएल इंजेक्शन आलं. इंजिन किती हवा ओढतंय हे मोजणारा दाबाचा सेन्सर तेव्हापासून दुचाकींतही सर्रास बसू लागला. या उतरंडीत अगदी तळाला येते माणसाची फुंक. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याच्या तोंडातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बारच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याने जास्त असतो, बासरीवाल्याचा त्याहूनही कमी.

एवढासा दाब सतत मोजत राहायचा आणि त्या मापाने संगणकातला ट्रम्पेट, क्लॅरिनेट किंवा बासरी वाजवायची, हे काम विंड कंट्रोलर करतो. तो दिसतो क्लॅरिनेटच्या धाकट्या भावासारखा. माउथपीस तोंडात धरायचा, बोटं कळांवर ठेवायची आणि फुंकायचं. फरक इतकाच, की त्याच्या नळीतली हवा सूर काढत नाही. आजच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो. फुंकेने तो किंचित वाकतो आणि वाकला की त्याचा विद्युत रोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुण चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये दाखवून दिला. मोटरसायकलचा सेन्सरही याच तत्त्वावर चालतो. तिथे इंजिनाने आत घेतलेला श्वास मोजला जातो, इथे माणसाने सोडलेला.

दाटीच्या वस्तीत या यंत्राचं आकर्षण सहज समजण्यासारखं आहे. सनई मुळात मोकळ्या अंगणासाठी आणि देवळाच्या नगारखान्यासाठी घडलेली. दापोडीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती रात्री दहानंतर वाजवायची म्हणजे शेजाऱ्यांशी वैर. कंट्रोलर हेडफोनवर वाजतो. पण तो घरी आणून संगणकाला जोडणाऱ्याचा पहिल्या दिवशी बहुधा हिरमोड होतो. सूर उशिरा येतो, फुंक मोठी केली तरी आवाज तेवढाच राहतो, दोन सूर एकमेकांवर चढतात. दोष वाजवणाऱ्याचा नसतो आणि यंत्राचाही नसतो. संगणकातली बहुतेक वाद्यं फुंकेसाठी बनलेलीच नाहीत, हे त्यामागचं कारण आहे.

कळ आणि श्वास

कळांवर बेतलेल्या वाद्यांवरचा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे, फक्त तो पेटीवर घेतला जायचा. पेटीवर मींड निघत नाही, दोन सुरांच्या मधली जागा तिला दाखवता येत नाही, असं म्हणत आकाशवाणीने १९४०च्या सुमाराला पेटी बंद केली. ती बंदी १९७१ मध्ये काही प्रमाणात उठली. मधल्या तीन दशकांत या वादावर भरपूर लिहिलं-बोललं गेलं. संगणकातल्या वाद्यांमध्येही तीच पेटी बसलेली आहे. १९८३ मध्ये सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ‘मिडी’ ही सांकेतिक भाषा ठरवली, तेव्हा त्यांच्यासमोर कीबोर्ड होता. कळ दाबली, किती जोरात दाबली, कळ सोडली, एवढ्यावर सुराचं बरंचसं भवितव्य ठरतं. पियानोला हे पुरतं, कारण हातोडी तारेवर आपटली की पुढे वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही.

फुंकेच्या वाद्यात सुराचा जन्म ही नुसती सुरुवात असते. तो फुलवायचा, दाबायचा, थरथरवायचा, विझवायचा, सगळं श्वासाने. मिडीने यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. कंट्रोल चेंज नावाच्या संदेशांत दुसरा क्रमांक खास श्वासासाठी राखून ठेवला. त्यात शून्य ते १२७ अशा १२८ पायऱ्या असतात. जुन्या मिडी केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे असा एक संदेश पोहोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. यूएसबीमुळे ही अडचण गेली, पायऱ्यांची संख्या मात्र बहुतेक ठिकाणी तेवढीच राहिली.

श्वासाने इलेक्ट्रॉनिक आवाज हाताळायची धडपड मिडीच्याही आधीची. १९७०च्या दशकात अमेरिकेत बिल बर्नार्डी यांनी ‘लिरिकॉन’ बनवला. टॉम स्कॉट यांनी वाजवलेला लिरिकॉन मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’मध्ये ऐकू येतो. ट्रम्पेटवादक नाइल स्टायनर यांनी त्याच दशकात आपलं इलेक्ट्रॉनिक वाद्य घडवलं आणि १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ चित्रपटाच्या संगीतात ते वाजवलं. त्यांच्याच रचनेवरून जपानच्या अकाई कंपनीने १९८७ मध्ये ‘ईडब्ल्यूआय’ बाजारात आणला. यामाहाचा ‘डब्ल्यूएक्स-७’ही त्याच वर्षीचा. रोलंडचा ‘एरोफोन’ आला २०१६ मध्ये.

गोठवलेले सूर

संगणकातलं वाद्य बऱ्याचदा सॅम्पलांचं बनलेलं असतं. सॅम्पल म्हणजे खऱ्या वाद्याच्या खऱ्या सुराचं ध्वनिमुद्रण, आणि अशा सॅम्पलांचा संग्रह म्हणजे लायब्ररी. चांगल्या लायब्ररीत प्रत्येक सूर निरनिराळ्या जोराने वाजवून साठवलेला असतो: हळू, मध्यम, जोरात. निव्वळ हळू सुराचा आवाज वाढवून भागत नाही. जाँ-क्लोद रिसे यांनी १९६०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ट्रम्पेटच्या सुराचं पृथक्करण केलं, तेव्हा दिसलं, की जोर वाढतो तसे वरचे उपस्वर जास्त प्रमाणात वर येतात. म्हणजे मोठा सूर जात्याच वेगळा असतो, जास्त तेजाळ. दूरवर वाजणारा बँड जोरात वाजतोय की हळू, हे आपण अंतर कितीही असलं तरी ओळखतो, ते या तेजावरूनच.

कीबोर्डवर कळ दाबतानाच यातलं कोणतं मुद्रण वाजवायचं ते ठरतं. कंट्रोलरवर मात्र श्वास सतत चढ-उतार करतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला चालू सुरात एका मुद्रणातून दुसऱ्यात सरकावं लागतं. या संक्रमणात क्षणभर दोन्ही मुद्रणं एकत्र वाजतात. त्यांच्या लहरी जुळलेल्या नसतील तर काही उपस्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि एकाच्या जागी दोन वादक वाजवत असल्याचा भास होतो. महागड्या लायब्रऱ्याही यात सापडतात. काही कंपन्यांनी मुद्रणांच्या लहरी आधीच जुळवून घेऊन यावर मात केली. दुसरा मार्ग ध्वनिमुद्रणच न वापरण्याचा. नळीत लहर कशी जाते-येते, पत्ती कशी थरथरते, याचं गणित संगणकाने दर क्षणी सोडवायचं. यामाहाचा ‘व्हीएल-१’ १९९४ मध्ये असा आला. त्यामागे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ज्युलियस स्मिथ यांचं संशोधन होतं. आज हेच गणित साधा लॅपटॉपही पेलतो.

जोडणी कोणत्या क्रमाने करावी

पहिलं काम विलंबाचं. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरइतका. एवढा चालतो, दुप्पट झाला की बोटं अडखळतात. ऑडिओ इंटरफेस घ्यावा, विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरावा आणि बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवणारी मधली जागा, २५६ नमुन्यांच्या वर जाऊ देऊ नये. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या दराने तेवढ्या बफरला सव्वापाच मिलिसेकंद लागतात. हेडफोन तारेचाच हवा. ब्लूटूथवर सूर इतक्या उशिरा पोहोचतो, की वाजवणं अशक्य होतं.

दुसरं काम श्वासाच्या मापाचं. कंट्रोलरवर दोन गोष्टी ठरवता येतात: किती फुंकल्यावर सूर सुरू व्हावा आणि किती फुंकल्यावर १२७ गाठावं. पहिला आकडा फार खाली ठेवला तर साध्या उच्छ्वासानेही सूर निघतो. दुसरा खाली राहिला तर मध्यम फुंकेतच छत गाठलं जातं, वर वाढायला जागाच उरत नाही. सवयीच्या सर्वांत मोठ्या फुंकेला आकडा १२०च्या आसपास दिसावा, असं जुळवून घ्यावं.

तिसरं काम पत्त्याचं. कंट्रोलर श्वास दुसऱ्या क्रमांकावर पाठवतो, वाद्यवृंदाच्या बऱ्याच लायब्रऱ्या मात्र सुराचा जोर पहिल्या क्रमांकावर ऐकतात, कारण तिथे कीबोर्डचं मॉड्युलेशन चाक असतं. हा पत्ता बदलला नाही तर कितीही फुंका, आवाज ढिम्म. उलट काही कंट्रोलर तोच श्वास सातव्या आणि अकराव्या क्रमांकावरही पाठवतात. मग एकच फुंक जोरही ठरवते आणि आवाजाची पातळीही, दोन्हींचा गुणाकार होतो आणि हळू सूर ऐकूच येत नाहीत. एक पत्ता ठेवावा, बाकीचे बंद करावेत.

चौथं काम बोटांचं. श्वास न तोडता बोट बदललं की कंट्रोलर जुना सूर सोडण्याआधी नवा सुरू करतो. सॉफ्टवेअर एकसुरी आणि लेगाटो अवस्थेत असेल तरच ते याला जोडसूर समजतं. तीन बोटं एकदम उचलली तरी ती एकाच क्षणी उठत नाहीत, मध्ये नको असलेला सूर चमकून जातो. त्यासाठी काही मिलिसेकंद थांबण्याची सोय असते, ती जेमतेम लागेल तेवढीच ठेवावी. सुराचा सुरुवातीचा जोर मोजायलाही कंट्रोलर थोडा थांबतो. तो आकडा कायमचा ठरवून टाकला तर तेवढा उशीर वाचतो, आणि जोर तर श्वास सांगणारच असतो.

शेवटी येतो वक्र. फुंक दुप्पट झाली म्हणजे आवाज दुप्पट वाटला पाहिजे, असा कानाचा नियम नाही. सॉफ्टवेअरमध्ये श्वास आणि जोर यांच्यामधली रेषा वाकवता येते. ती जरा खाली झुकवली की हळू सुरांना ऐसपैस जागा मिळते. प्रत्येक वाद्यासाठी, प्रत्येक वादकासाठी हा वक्र निराळा असतो. नव्या लायब्ररीवर हजारो रुपये घालण्याआधी या एका रेषेवर वेळ घालवावा. वाद्य जिवंत वाटण्यात तिचा वाटा मोठा असतो.

मींड आणि गंधार

एवढं सगळं जुळलं, की पाश्चात्त्य वाद्यं उत्तम वाजतात. रागसंगीताकडे वळलं की पेटीचा जुना वाद पुन्हा उभा राहतो. गंधार सोपा आहे. समविभागी सप्तकातला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट हे स्वरांतराचं माप) असतो, नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ सेंटवर. हे चौदा सेंट बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सूर लावून उतरवता येतात. षड्ज काळी एकवर हवा की पांढरी चारवर, तेही एका आकड्याने ठरतं.

मींड अवघड आहे. सूर वर-खाली सरकवणाऱ्या मिडीतल्या पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात. कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर दोन्हींकडे बेंडची मर्यादा सारखी ठेवली तर सप्तकभरही सरकता येतं. पण सॉफ्टवेअर एकाच साठवलेल्या सुराला ताणत असतं. त्या ताणात सुराबरोबर वाद्याच्या नळीचा अनुनादही सरकतो, आणि दोन-तीन स्वरांच्या पुढे आवाज खोटा वाटू लागतो. शिवाय बासरीवादक छिद्रावरून बोट हळूच सरकवतो, तर कंट्रोलरची कळ दाबलेली असते किंवा सुटलेली. अमेरिकेत आयरिश व्हिसल आणि बॅगपाइप वाजवणाऱ्यांसाठी ‘वॉर्बल’ नावाचा कंट्रोलर निघाला आहे. त्याच्या छिद्रांतले इन्फ्रारेड सेन्सर बोट किती वर उचललं तेही मोजतात. बासरीला हवी ती ही वाट.

राहता राहिला मुद्रणांचा प्रश्न. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईने होण्याची प्रथा आहे. शंकरराव गायकवाडांसारख्यांनी इथे सनईला मैफलीत बसवलं, सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान असलेली सुंदरी रुजवली. या वाद्यांची लायब्ररी करायची तर सुटे सूर साठवून चालणार नाही. षड्जावरून गंधारावर, पंचमावरून मध्यमावर जाणाऱ्या मींडा, चढत्या आणि उतरत्या, हळू आणि जोरदार फुंकेत, एकेक करून मुद्रित कराव्या लागतील. त्यांना वाद्याचं रूप देण्यासाठी एसएफझेड हा खुला साचा आहे. कोणतं मुद्रण कोणत्या श्वासाला वाजावं, हे त्यात साध्या मजकुरात लिहिता येतं, आणि तो वाजवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. सेन्सर आहेत, संगणक आहेत, वादकही इथलेच आहेत. आता कुणी संगीत महाविद्यालयाने किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वादकांना मानधन देऊन हे मुद्रण करायला घेतलं पाहिजे. तोवर दापोडीतला वादक रात्री हेडफोन लावून बसला, तरी त्याच्या हाती ट्रम्पेट चांगला लागेल, सनई नाही.