एका उंदराची गाठ

१९८३ साली मोन्सॅन्टो कंपनीच्या ग्लायफोसेट या तणनाशकाची उंदरांवरची दीर्घ चाचणी पूर्ण झाली. चार गट होते. एका गटाला रसायन अजिबात दिलेले नव्हते, बाकीच्या तिघांना चढत्या मात्रेने दिलेले. मूत्रपिंडातल्या गाठी मोजल्या तेव्हा आकडे आले ते असे: ०, ०, १, ३. एकूण चारच गाठी, पण उंदरांत एरवी क्वचित आढळणाऱ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८५ मध्ये ग्लायफोसेटला ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा वर्गात टाकले.

कंपनीने मग एका बाहेरच्या तज्ज्ञाकडून त्याच काचपट्ट्या पुन्हा तपासून घेतल्या. रसायन न दिलेल्या गटातल्या एका उंदरातही त्याला बारीकशी गाठ दिसली. आकडे झाले १, ०, १, ३. एवढ्याशा फरकाने चढती कमान बरीच सपाट होते, कारण रसायनाशिवायही अशी गाठ होते म्हटल्यावर बाकीच्या चारांचे वजन उतरते. ती गाठ खरोखर होती का, यावर वाद झाला, नवे छेद घेतले गेले, तज्ज्ञ समित्या बसल्या. १९९१ मध्ये ईपीएने ग्लायफोसेट ‘कर्करोगकारक नाही’ या वर्गात नेऊन ठेवले.

राउंडअप या नावाने हे तणनाशक १९७४ पासून बाजारात आहे. वनस्पतींना तीन अमिनो आम्ले बनवण्यासाठी जे विकर लागते, त्यालाच ते अडवते. प्राण्यांत ते विकर नसतेच. म्हणून माणसाला धोका नाही, हा युक्तिवाद पहिल्या दिवसापासून होता आणि तो जितका सोपा तितकाच अपुरा. रसायन एका ठिकाणी काम करते याचा अर्थ दुसरीकडे काहीच करत नाही असा होत नाही. शिवाय फवारणीच्या पंपात नुसते ग्लायफोसेट नसते. ते पानात शिरावे म्हणून साबणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांतल्या एका गटावर युरोपीय संघाने २०१६ मध्ये बंदी घातली.

मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. त्याच वर्गात तांबडे मांस आहे, रात्रपाळी आहे. ही संस्था पदार्थ कर्करोग करू शकतो का एवढेच पाहते. किती मात्रेत, किती जणांना, हे पाहत नाही. नाग विषारी आहे की नाही हा एक प्रश्न, तो आपल्या अंथरुणात आहे की सर्पोद्यानात हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर ईपीए आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था यांचे उत्तर ‘धोका संभवत नाही’ असेच राहिले.

खटले मात्र लियाँच्या निकालानंतरच धडाधड उभे राहिले. पहिला गाजला तो कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या मैदानावर फवारणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, ‘जॉन्सन विरुद्ध मोन्सॅन्टो’. त्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग झाला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने २८.९ कोटी डॉलर मंजूर केले. रकमेची फोड पाहण्यासारखी आहे: ३.९ कोटी नुकसानभरपाईचे आणि २५ कोटी कंपनीला शिक्षा म्हणून. वरच्या न्यायालयांत ती रक्कम शेवटी २.०५ कोटींवर आली.

कर्करोगाचे विज्ञान इतके स्पष्ट होते का? मुळीच नाही. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनात फवारणी करणाऱ्या ५४ हजारांहून अधिक लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला. ग्लायफोसेट आणि लिम्फोमा यांचा संबंध त्यात आढळला नाही. तो अहवाल २०१८ चा. पुढच्याच वर्षी आणखी काही अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सर्वाधिक संपर्क आलेल्यांत धोका ४१ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

हे ४१ टक्के खरे धरून चालू. अमेरिकेत आयुष्यभरात शंभरातल्या साधारण दोघांना हा कर्करोग होतो. दोनाचे होतील पावणेतीन-तीन. आता फवारणी करणाऱ्यांतले शंभर रुग्ण घ्या. त्यांतल्या साधारण एकाहत्तर जणांना फवारणी न करताही तो झालाच असता, एकोणतीस जण जास्तीचे. पण ते एकोणतीस कोणते, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. या गाठीवर रसायनाची सही नसते. दिवाणी दाव्यात ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त’ एवढे दाखवावे लागते. निव्वळ आकड्यांवर ते दाखवायचे तर धोका दुपटीच्या वर हवा. म्हणून डॉक्टर साक्षीला येतात, एकेक पर्यायी कारण खोडून काढतात आणि उरते त्यावर बोट ठेवतात.

संघीय न्यायालयातले हजारो दावे ज्यांच्यापुढे आले ते भारतीय वंशाचे न्यायाधीश विन्स छाब्रिया. पुरावा एकूणात कमकुवतच वाटतो, पण वादींचे तज्ज्ञ ज्युरीपुढे येऊच नयेत इतका नाही, असे त्यांनी २०१८ मध्ये नोंदवले. त्यांच्यापुढच्या पहिल्या खटल्याचे त्यांनी दोन तुकडे केले. आधी फक्त विज्ञान, कंपनी कशी वागली ते नंतर. ज्युरीने दोन्ही टप्प्यांत कंपनीविरुद्धच कौल दिला.

कंपनीला खरे भोवले ते वागणेच, असे मला वाटते. खटल्यांतून बाहेर आलेल्या पत्रव्यवहारात कंपनीतला एक वैज्ञानिक सुचवतो, की लिखाण आपण करू, बाहेरचे शास्त्रज्ञ थोडे संपादन करून सही करतील. २००० सालच्या लेखाच्या वेळी असेच केले होते. ग्लायफोसेट सुरक्षित असल्याचा तो आढावा जगभर आधार म्हणून वापरला गेला. नियतकालिकाने तो मागे घेतला २०२५ मध्ये. चांगले रसायन असेल तर ही लपवाछपवी कशाला, हा प्रश्न कुठल्याही ज्युरीला पडणारच. विज्ञानाच्या दृष्टीने त्यातून कर्करोग सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की निर्दोषत्वाचा एक मोठा दाखला आरोपीनेच लिहिला होता.

मोन्सॅन्टो २०१८ मध्ये विकत घेणाऱ्या बायरने २०२० मध्ये तडजोडीसाठी १०.९ अब्ज डॉलरपर्यंतची तयारी जाहीर केली. कंपनीने बरेच खटले जिंकलेही. ईपीएने लेबल मंजूर केले असताना राज्याचा कायदा वेगळी सूचना मागू शकतो का, हा मुद्दा उरला. अपील न्यायालयांत त्यावर दोन मते पडली.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाचे दायित्व आले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती ठेवली. पण विदर्भात निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून सरकारी मान्यता नसलेला चोरबीटी कापूस लावला जातो, तोच मुळी हे तणनाशक सोसावे म्हणून बनवलेला. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरला होता. परवानाधारक कीडनियंत्रक या शेतांवर फिरकत नाही; पाठीवर पंप मजुराच्याच असतो, आणि त्याने हंगामात किती टाक्या मारल्या ते कुठल्या वहीत लिहिलेले नसते.